दुप्पट जोराचे इंजिन

पोलादपूरच्या स्टँडवरून सुटलेली सावरटेपची एस.टी. जिथे वळून परत फिरते, तिथे एक सिमेंटची कमान उभी आहे. कमानीवर पत्र्याचे लढाऊ विमान बसवलेले आहे. त्याचे नाक डोंगराकडे आहे आणि शेपटीच्या पोकळीत कावळ्यांनी घरटे केले आहे. उजव्या खांबावर संगमरवराची पाटी आहे. ‘आपल्या विमानाचे इंजिन : जोर २१,४००’ ही तिची पहिली ओळ. ‘शत्रूच्या विमानाचे इंजिन : जोर १०,८००’ ही दुसरी. तिसऱ्या ओळीत, इतर अक्षरांहून मोठा, एकच शब्द : ‘दुप्पट’. त्याखालची सगळी जागा देणगीदारांच्या नावांनी व्यापली आहे.

ही पाटी खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचे सावरटेपमधल्या प्रत्येक शहाण्या माणसाला ठाऊक आहे. तरीही दर वर्षी शिमग्याच्या तोंडावर तिच्या झिजलेल्या अक्षरांत नवा काळा रंग भरला जातो. तो रंग भरणाऱ्या माणसाचे नाव महिपती उतेकर. पाटी खोटी असल्याचे पहिल्यांदा सांगणाऱ्याचे नावही तेच.

महिपती माझ्या वर्गातला. तो फार चांगला माणूस होता असे लिहून वाचकाची सहानुभूती आधीच वसूल करण्याचा माझा विचार नाही. तो तापदायक माणूस होता. आमच्या गावात घराआड घर पायदळात गेलेले. हवाई दलात गेलेला हा एकटाच, आणि त्याचा त्याला ताठा होता. वीस-बावीस वर्षे त्याने लढाऊ विमानांची इंजिने उघडली आणि मिटवली. शेवटची बरीच वर्षे तो इंजिनाच्या चाचणीवर होता. दुरुस्त झालेले इंजिन विमानात बसवण्यापूर्वी काँक्रीटच्या एका खोलीत लोखंडी सांगाड्याला जखडतात आणि पूर्ण जोराने चालवून पाहतात. सांगाडा ज्या जोराने पुढे ओढला जातो तो काट्यावर वाचतात. जाड काचेमागे बसून तो काटा वाचणे, हे महिपतीचे काम. आधी त्याच्यापुढे रशियन इंजिने आली, मग फ्रेंच. काटा जे दाखवील ते लिहायचे, त्यात पदरची भर घालायची नाही, एवढी एकच विद्या त्याला आली. बाकी संसाराला लागणारी कोणतीही विद्या त्याच्याकडे नव्हती.

पेन्शन घेऊन तो गावी परतला तेव्हा त्याने सांगाडा आणि काटा बरोबरच आणला असावा असे वाटे. दुकानात गेला की वजनकाट्याचे पारडे बोटाने वर करून खाली चिंच चिकटवलेली नाही ना, हे तो सर्वांदेखत पाही. मयताला गेला आणि कुणी म्हटले, ‘म्हातारा ऐंशीचा होऊन गेला,’ तर हा तिरडीशेजारी उभा राहून सांगे, “ऐंशी कसा? माझा बाप नि हा एका सालचे. शहात्तर.” शेजारी धोंडू राहायचा. दोघे एका अंगणात गोट्या खेळलेले. त्याच्या घरचे दूध महिपतीकडे येई. पहिल्याच आठवड्यात महिपतीने त्याला सांगितले, “धोंडू, तुझा लिटर नऊशेचा हाय.”

“फेस धरून मोज की रे!” धोंडू म्हणाला.

“फेस माझी म्हातारी पिणार?”

“मंग तिला सांग, फेस येईपर्यंत थांबू नको, थेट सडाला तोंड लाव.”

महिपतीची म्हातारी आई बयाबाई ओट्यावर बसून हसली. त्याची बायको बनुबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, “सरकारने याला विमानातून उतरवला, पण याच्या डोक्यातलं विमान उतरवायचं राहिलं.”

कारगिलची लढाई झाली त्या वर्षी आमच्या मुंबईकर मंडळाला उमाळा आला. मंडळाचा सेक्रेटरी सयाजी, गोदीत सुपरवायझर. गावात शिपाई घराघरांत असताना कमानीवर विमान कशाला, असे कुणी विचारले नाही. त्या वर्षी वर्तमानपत्रांत विमानांची चित्रे होती, एवढे कारण पुरेसे होते. सयाजीने दोन मासिकांतून दोन आकडे उतरवून आणले. आपल्या फ्रेंच बनावटीच्या विमानाचा आकडा इंग्रजी मासिकातला, पौंडात दिलेला. शत्रूकडच्या अमेरिकन विमानाचा आकडा दुसऱ्या मासिकातला, किलोत दिलेला. महाडच्या कारागिराने विचारले, आकड्यांपुढे पौंड आणि किलो कोरायचे का? सयाजीने पाटी पाहिली. देणगीदारांची नावे दाटीने बसत होती. पौंड आणि किलो गाळले गेले आणि दोन नावे बसली. गावात इंजिनांवर आयुष्य काढलेला माणूस घरी बसला होता. त्याला विचारावे असे कुणाला वाटले नाही. विचारले असते तर त्याने पाटीच करू दिली नसती, हेही तितकेच खरे.

प्रजासत्ताक दिनी कमानीचे उद्घाटन झाले. तालुक्यातले एक वजनदार पुढारी आले होते आणि मंदिरापुढे सभामंडप देण्याचे त्यांनी जवळजवळ कबूल केले होते. त्यांनी पाटीवरचे कापड ओढले, आकडे वाचले आणि ध्वनिक्षेपकातून गर्जना केली, “दुप्पट! ऐका मंडळी, आपला जोर दुप्पट!” टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरण्याची वाट पाहून महिपती उभा राहिला.

“साहेब, एक मिनिट. वरचा आकडा पौंडाचा हाय, खालचा किलोचा. एका मापात आणले तर आपलं नऊ हजार सातशे, त्यांचं दहा हजार आठशे.”

पुढारी थबकले. “म्हणजे शत्रूचं जास्त?”

“इंजिनाचा जोर जास्त. विमान सरस असं नाय म्हणलो मी. लढाईत इंजिनाबरोबर आणखी खूप काही लागतं.”

पण ही पुढली वाक्ये ऐकायला कोण थांबतो? पुढाऱ्यांनी सयाजीकडे वळून पाहिले. “सयाजीराव, गावात शत्रूचा वकीलसुद्धा नेमलाय की तुम्ही!” सभा खदखदून हसली. पुढारी जेवायला थांबले नाहीत. त्यांच्या जीपमागून सभामंडपही गेला.

आमच्याकडे घरटी एक माणूस गावकीचा. गावकी बसते सहाणेवर, म्हणजे शिमग्यात देवीची पालखी ज्या चौथऱ्यावर ठेवतात तिथे. अध्यक्ष श्रीपत, पायदळातून हवालदार होऊन आलेला, मोजके बोलणारा म्हातारा. तो म्हणाला, “महिपती, हात जोड. चुकलं म्हण. चहा पी, नि घरी जा.”

महिपतीने हात जोडले नाहीत. त्याने खिशातून कोळसा काढला आणि सहाणेच्या फरशीवर आकडे मांडायला सुरुवात केली. मी तिथे होतो. इतके स्वच्छ विवेचन मी शिकवत असलेल्या महाविद्यालयातही ऐकले नव्हते आणि इतक्या चुकीच्या ठिकाणी केलेले तर कुठेच नाही. तो सांगत होता की प्रत्येक देश आपल्या इंजिनाचा जोर आपल्या मापाने मोजतो आणि आपल्या सोयीने छापतो. रशियन किलोत लिहितात, फ्रेंच न्यूटनमध्ये, अमेरिकन पौंडात. पण हा फरक किरकोळ, गुणाकार केला की मिटतो. खरी मेख पुढे आहे. छापील आकडा समुद्रसपाटीवरचा आणि पंधरा अंशांच्या हवेतला असतो. आपल्या विमानतळांवर पंधरा अंश कुठून आणणार? चाळीस अंशांत प्रत्येक इंजिन मान टाकते, आणि कोणते किती टाकते ते कुणी मासिकात देत नाही. शिवाय आकडा सांगाड्यावरचा असतो. तिथे इंजिनाच्या तोंडाशी कर्ण्यासारखे गुळगुळीत तोंड लावतात, हवा सुखाने आत जाते. तेच इंजिन विमानाच्या पोटात घातले की हवा वळणे घेत येते आणि जोरातला वाटा आधीच कापला जातो. मागच्या नळीत जादा इंधन जाळले तर जोर एकदम वाढतो. तो धरून सांगितला की सोडून, हेही विचारावे लागते. त्याने हाताळलेल्या एका रशियन इंजिनाला तर त्याहूनही वरचा एक आकडा होता, अगदी संकटात, कमी उंचीवर, दोन-तीन मिनिटांपुरता. कौतुक करणारा तो आकडा छापतो आणि मिनिटे गाळतो.

मग त्याने गावाच्या भाषेत सांगितले. “एका खळ्यावर भात पायलीने मोजलं नि दुसऱ्या खळ्यावर किलोने. नि मग ओरडत सुटलात, याला जास्त पिकलं. असं कोण करील?”

गावाला हे कळले नाही, अशी कुणाची समजूत होऊ नये. शहरातल्या वाचकाला तसे मानणे सोयीचे वाटेल. ज्यांनी जन्मभर भात मोजले आणि महाडच्या व्यापाऱ्याच्या मापातली खोट डोळ्यांनी हेरली, त्यांना पायली आणि किलोतला फरक शिकवावा लागत नाही. श्रीपतनेच तसे सांगितले.

“कळलं रे. पण पाटी कोरलेली हाय.”

“नवी कोरा.”

“नि काय कोरू?” सयाजी उसळला. “शत्रूचं जास्त? गावाच्या कमानीवर? पोलादपूरच्या स्टँडवर तोंड दाखवायला जागा ठेवशील का आम्हाला?”

“मंग आकडे काढून टाका. नुसतं विमान राहू दे. विमान चांगलं हाय.”

हा तोडगा होता. श्रीपतची मान हलू लागली होती, आणि दोन-चार जण ‘तेच बरं’ असे पुटपुटलेही. सयाजीने ते ऐकले. “म्हणजे दहा गावांत मी खोटा पडणार?”

महिपतीने काही क्षण विचार केला. इतरांनी असा विचार केला की त्यांना एखादा मऊ शब्द सुचतो. “तू खोटा नाय,” तो म्हणाला. “तू अडाणी.”

त्या दिवशी महिपतीचे घर वाळीत पडले. त्याच्याशी कुणी बोलायचे नाही. दुकानाने त्याला माल द्यायचा नाही, गिरणीने त्याचे दळण घ्यायचे नाही. त्याच्या लावणीला कुणी जायचे नाही आणि त्याच्या घरातल्या मयताला कुणी खांदा द्यायचा नाही. जो हे मोडील त्याचे घरही वाळीत. शेवटी श्रीपतने सांगितले ते सर्वांत जड होते : शिमग्यात काळकाईची पालखी घरोघर जाते, ती त्याच्या दारी थांबणार नाही.

मी रीतसर अर्ज केले. तहसील कचेरीत मला विचारण्यात आले, कोणत्या कलमाखाली? ठाण्यावरच्या अंमलदाराने अधिक सविस्तर चौकशी केली. मारहाण झाली का? नाही. शिवीगाळ? नाही. “मग फक्त बोलत नाहीत, एवढंच ना? गुरुजी, माझी बायको महिनाभर बोलत नाही. तिच्यावर कुठलं कलम लावू?” कचेरीतले सगळे हसले. मी तक्रारदार असल्यामुळे मला हसणे भाग नव्हते, एवढाच काय तो माझा लाभ. अर्जांची बातमी गावात पोचल्यावर मलाही सहाणेवर बंदी झाली. मी महाडला राहत होतो. माझे त्यात काही गेले नाही.

महिपतीच्या घरचे पीठ-मीठ महाडहून झकेरिया आणून देऊ लागला. झकेरियाचा टेम्पो होता. त्याआधी त्याने आखातातल्या एका विमानतळावर कित्येक वर्षे माल चढवला होता. गावकीचा हात त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. तो पोती उतरवी आणि ओट्यावर टेकून महिपतीला डिवची.

“काय साहेब, किलो-पौंड चालूच का अजून?”

“चूक ती चूकच, झकेरिया.”

“तिकडं आम्ही बॅगा किलोत तोलायचो नि कागदावर पौंड लिहायचे. विमानं उडायची, माणसं घरी पोचायची. त्यापायी पिठाला महाग झालेला माणूस मी पहिला बघतोय.” मग तो बयाबाईकडे वळून आवाज चढवी, “चाची, याला माझ्याबरोबर दे. दासगावच्या पुलावर उभा करतो. येणाऱ्या गाड्या मोजील नि सुखात राहील.”

झकेरिया बाहेरचा होता म्हणून त्याचे धैर्य स्वस्त होते. धोंडू गावातला होता. बयाबाईच्या पोटात दुधाशिवाय काही ठरत नसे. वाळीत टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे धोंडूने दोन्ही घरांच्या परड्यांमधल्या दगडी गडग्यावर दुधाचा तांब्या ठेवला आणि पाठ फिरवून आपल्या म्हशीपुढे जाऊन बसला. महिपती तांब्या घ्यायला आला तेव्हा धोंडूने तोंड उघडले, पण म्हशीकडे पाहून.

“गो म्हशी, काकीला सांग, दूध तापवून घे. काल वैरण ओली होती.”

महिपती म्हणाला, “धोंडू, तुझं घर बसेल.”

“गो म्हशी, इथं कोण बोललं का? मला नाय ऐकू आलं. मी तर तुझ्याशी बोलतोय. जनावराशी बोलायला गावकीची बंदी नाय.”

ही त्याची युक्ती. दोन वर्षे गावातली प्रत्येक बातमी महिपतीला म्हशीमार्फत मिळत राहिली. कुणाच्या पोराचे लग्न ठरले, कुणाची नांगरट झाली, सयाजी मुंबईहून कधी यायचा आहे. कधी तो म्हशीला शिव्याही देई. “एवढी मोठी शिंगं, नि अक्कल पाव किलो! दोन शब्द बोलून मोकळी झाली असतीस तर देवी दारी आली असती की गो!” ऐकणाऱ्याला नेम कळत असे. महिपती तांब्या उचलून निमूट घरात जाई.

पहिल्या शिमग्यात बयाबाई सकाळपासून ओट्यावर बसून होती. पुढ्यात पाट मांडला होता, ताटात खण, नारळ आणि तांदूळ. तिला डोळ्यांनी कमी दिसे, पण ढोलाचा आवाज कोणत्या घरापाशी आला आहे हे ती अचूक सांगे. ढोल अलीकडच्या घरापाशी वाजले. पालखी नाचली. मग ढोल अंगणापुढून सरळ धोंडूच्या दारी निघून गेले. बयाबाई ताट हातात घेऊन उभी राहिली होती ती तशीच उभी राहिली. “काळकाय, माझं काय चुकलं गो?” एवढेच ती म्हणाली. तो नारळ तिने कुणाला फोडू दिला नाही. दुसऱ्या शिमग्यालाही पालखी आली नाही, आणि फळीवरच्या एका नारळाचे दोन नारळ झाले. आतले पाणी आटून ते वाजू लागले होते.

त्यानंतर म्हातारी झपाट्याने खचली. अंथरुणाला टेकून बसायची. तिला आता एकच हवे होते आणि ते घरात सर्वांना ठाऊक होते : मरायच्या आधी एकदा पालखी दारी यावी. तिने मुलाला कधी ‘माफी माग’ म्हटले नाही. तसे म्हटले असते तर त्याला वाद घालता आला असता. तिने एका संध्याकाळी त्याला विचारले, “महिपत, तुझं इंजिन कुठं हाय?”

“कसलं इंजिन, आये?”

“ज्याच्यापायी देवी येत नाय ते. एकदा मला दाखव तरी, केवढं हाय ते.”

तिसऱ्या शिमग्याच्या आधी महिपती सहाणेच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. पुढचे मी चौघांच्या तोंडून स्वतंत्रपणे ऐकले आहे; चौघेही त्या बैठकीत होते आणि चौघांचे सांगणे जुळते.

“दंड नको,” श्रीपत म्हणाला. “पाटीवर जे हाय ते सगळ्यांसमोर बोल, की झालं.”

सयाजी मुद्दाम मुंबईहून आला होता. विचारायचे काम त्याने घेतले. “आपलं किती?”

“एकवीस हजार चारशे.”

“पौंड का किलो?” मागून कुणीतरी टोमणा मारला.

“नुसतेच,” महिपती म्हणाला. सहाण हसली.

“नि त्यांचं?”

“दहा हजार आठशे.”

“मंग आपलं किती पट झालं?”

“दुप्पट.”

“जोरात बोल की, मास्तर! त्या दिवशी माईकशिवाय कमानीपासून पार सहाणेपर्यंत ऐकू येत होतं.”

“दुप्पट,” महिपती ओरडला. त्याचा आवाज फाटला. काही जणांनी खाली पाहिले. सयाजीने पाहिले नाही. त्याने आणखी एकदा म्हणायला लावले, आणि मग पाटीची अक्षरे दर वर्षी रंगवायचे कामही त्याच्यावर टाकले. महिपतीने तेही मान्य केले.

एवढ्यावर सगळे संपले होते. एक रीत तेवढी उरली होती. वाळीतून परत येणाऱ्याच्या हातावर श्रीपत देवीपुढचे तांदूळ ठेवतो आणि विचारतो, “या काळात गावातलं कोण तुझ्याशी बोललं? कोणी काय दिलं?” यावर परत येणारा ‘कोणी नाय’ म्हणतो आणि तांदूळ देवीकडे उधळतो. माझ्या आजोबांच्या वेळेपासून याचे दुसरे उत्तर कुणी दिल्याचे ऐकिवात नाही. प्रत्येक वाळीत पडलेल्या घराला कुणीतरी चोरून जगवलेले असते, हे विचारणाऱ्याला माहीत असते आणि ऐकणाऱ्यांनाही. आमच्या गावकीच्या सगळ्या रीतींत दयेची अशी ही एकच होती. श्रीपतने तांदूळ ठेवले. चहाची किटली पायरीवर आली होती. दुसऱ्या रांगेत बसलेला धोंडू तर आपल्या जुन्या मित्राकडे पाहून उघड हसत होता.

“कोण बोललं?”

महिपती हातातल्या तांदळांकडे पाहत राहिला.

“कोणी नाय म्हण नि ऊठ,” श्रीपत हळूच म्हणाला.

“धोंडू,” महिपती म्हणाला.

किटली धरलेल्या माणसाने किटली खाली ठेवली. धोंडूचे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले. ते काढून घ्यायचे त्याला सुचले नसावे.

“महिपती, नीट आठव,” श्रीपत म्हणाला.

“आठवूनच सांगतो. बोलला तो म्हशीशी, पण ऐकायला मी असायचो. दूध रोज दिलं. अर्धा लिटर. फेस सोडून.”

“मी काकीला दिलं रे!” धोंडू उभा राहिला. “तुला दिलं का? बोल ना, तुला दिलं का?”

महिपतीने त्याच्याकडे पाहिले नाही. त्याने तांदूळ देवीकडे उधळले.

नंतर मी त्याला गाठून विचारले, हे का केलेस? तो शांतपणे म्हणाला, “एक खोटं बोलून झालं होतं. देवीचे तांदूळ हातात घेऊन दुसरं बोलवेना.” बोलताना त्याचा चेहरा जवळजवळ समाधानी होता. पाटीपाशी गमावलेले त्याने धोंडूच्या घरावर वसूल केले होते. जिथे खऱ्यामुळे कुणाचा केसही वाकडा झाला नसता, तिथे हा माणूस खोटे बोलला. आणि जिथे गावानेच त्याला खोटे बोलायची मुभा ठेवली होती, तिथे तो खरे बोलला. सगळ्या देशांची मापे ज्याने एका कागदावर आणली त्याच्याजवळ हे एवढे माप नव्हते. मी त्याला हे सांगितले नाही. सांगून काही होण्याची वेळ गेली होती, आणि ऐकून घेणाऱ्यांपैकी तो नव्हता.

सयाजीच्या हातात नियम होता. भर सहाणेवर, देवीचे तांदूळ हातात धरून घेतलेले नाव श्रीपतलाही न ऐकल्यासारखे करता येईना. धोंडूचे घर वाळीत पडले.

तिसऱ्या शिमग्याला पालखी महिपतीच्या दारी आली. खांद्यांवरून उतरली, पाटावर बसली. बयाबाईला दोघींनी धरून उभे केले. तिने खण वाहिला, तांदूळ वाहिले, आणि तिन्ही वर्षांचे तिन्ही नारळ एकापाठोपाठ एक ओटीत घातले. जुने दोन खडखड वाजले. तिने पालखीच्या दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ती सोडायला तयार होईना. बनुबाई रडत होती. महिपती बाजूला हात जोडून उभा होता. त्याच्या बोटांना पाटीचा काळा रंग लागलेला होता.

पालखी उठली. पुढचे दार धोंडूचे. भोयांनी खांदा बदलला आणि पावले उचलली. धोंडूच्या बायकोने सवयीने पाट मांडलेला होता. ढोल थांबले नाहीत. धोंडू गोठ्याच्या तोंडाशी उभा होता आणि त्याने म्हशीची शिंगे रंगवली होती.

“गो म्हशी,” तो म्हणाला, नेहमीपेक्षा मोठ्याने, “आत चल. तुझ्याशी बोलल्याचं पण पाप लागतं इथं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे गडग्यावर तांब्या नव्हता. असता तरी महिपतीला तो घेता आला नसता, कारण आता तो गावकीत होता आणि बंदी त्यालाही लागू होती. उन्हे वर आली तेव्हा बयाबाईने आतून विचारले, “धोंडूचं दूध आलं का रे?”

“नाय, आये.”

“का?”

“म्हैस आटली त्याची,” महिपती म्हणाला.

त्याच वेळी गडग्यापलीकडे धार काढायला उशीर झाला म्हणून म्हैस हंबरली. एकदा, आणि मग पुन्हा. बयाबाईने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केले. तिला दिसत कमी होते. ऐकू मात्र चांगले येत होते.